भाकरीवरचे तीळ आणि आईची तारीख

एकतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. विश्वाचं वय किती, असं विचारलं की अख्खा वर्ग छप्पर उडेल इतक्या जोरात ओरडायचा, "तेराशे ऐंशी कोटी वर्षं, बाई!" बाई खूष. पण त्याच बाईंना कुणी विचारलं असतं, की बाई, तुमच्या आईचं वय किती, तर बाईंची दातखीळ बसली असती. हे मला कळायला निवृत्त व्हावं लागलं, आणि ते माझ्या तोंडावर फेकलं खुद्द आईनं.

आम्ही दोघीच राहतो, जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ पुण्यात. आईनं जन्मभर भाकरी थापल्या, घरासाठी आणि विकायलाही. ज्वारीच्या पातळ, कडक भाकरी. महिनाभर डब्यात ठेवल्या तरी मोडताना कटकन आवाज येणार. त्या परातीतूनच आम्ही दोघं शिकलो. आता विकणं थांबलं, पण परात काही तिनं सोडली नाही. मी थापलेल्या भाकरीला ती नकाशा म्हणते आणि दिवसभर हसते.

त्या दिवशी भोगी होती. भोगीला आमच्यात बाजरीची भाकरी, तीळ लावून. आई आधी गोळ्यालाच तीळ दाबते आणि मग थापते. मी शेजारी वांगी चिरत बसले होते. निवृत्त झाले तरी शिकवायची खाज काही जात नाही. ती माझी जुनी खोड आहे.

"आई, थांब. तिळांकडं बघ. गोळ्यावर होते तेव्हा एकमेकांना चिकटलेले होते. आता बघ, प्रत्येक तीळ दुसऱ्यापासून लांब गेला की नाही? तीळ काही चालत गेले नाहीत. मधली भाकरी पसरली. आपलं विश्व असंच पसरतंय. तीळ म्हणजे तारकांचे थवे समज."

"कोन थापतंय?"

"कुणी नाही. आपोआप."

"आपोआप पसरती व्हय भाकरी! मग मला कशाला बसवलीस हितं?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "बरं, मधला तीळ कंचा?"

हा प्रश्न वर्गात विचारणारं पोर मला एकतीस वर्षांत क्वचितच भेटलं असेल. मला एकदम हुरूप आला. म्हटलं, "मधला असा नाहीच. भाकरीला कड असते, विश्वाला तशी कड कुणाला सापडलेली नाही. तू कुठल्याही तिळावर जाऊन बस. बाकीचे सगळे तुझ्यापासून लांब चाललेत असंच दिसणार. लांबचे तर जास्तच जोरात."

आईनं भाकरी उलटली. "म्हंजी परत्येकाला वाटतंय, समदी मलाच सोडून चाललीत."

"हो."

"आपल्या घरावानीच की."

माझा भाऊ पुण्यात, त्याची पोरगी त्याहून लांब, जर्मनीत. मी वांगी चिरत राहिले.

पण आईला विषय लागला होता. हे सगळं तुमाला कसं कळलं, तितं कोन बसून बघत हुतं, असं ती विचारायला लागली. मी सांगितलं, उलटं मोजायचं. आज तीळ इतके लांब आहेत, इतक्या वेगानं लांब जातायत, तर मागं मागं जात राहिलं की एक वेळ अशी येते जेव्हा सगळं एका ठिकाणी होतं. तिथून आजपर्यंतचा काळ म्हणजे विश्वाचं वय.

"कुनी नोंद केली न्हवती, तरी निघालं?"

"निघालं."

भाकरी फुगली होती. आईनं ती टोपल्यात टाकली, हात पुसले आणि माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "मग माझं मोज की."

आता हे का, ते सांगायला हवं. आठवडाभर आधीच भावाचा फोन आला होता. कागदावर आई ऐंशी पूर्ण करून पुढं गेलेली. ऐंशीच्या पुढं काही महिन्यांत माणसाचे हजार पौर्णिमांचे चंद्र बघून होतात आणि त्याचा सोहळा करतात, सहस्रचंद्रदर्शन. भावानं पुण्यातून सगळं ठरवूनच टाकलं: एक जूनला, आईच्या वाढदिवसालाच करून टाकू, पोरांना सुट्टी असते.

एक जून! आमच्या पिढीतल्या आणि आधीच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळा जूनमध्ये सुरू होते. बाप पोराला धरून आणतो, मास्तर विचारतो जन्म कधीचा, बाप म्हणतो पेरणीच्या टायमाला, का काढणीच्या, काय ठाव न्हाय. मास्तर पोराला डोक्यावरून हात घालून उलट्या बाजूचा कान धरायला लावतो. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, आणि तारीख एक जून. आमच्या स्टाफरूममध्ये एक जूनला एकच केक यायचा आणि त्याच्यावर एवढी नावं असायची की क्रीमला जागा उरायची नाही. एकतीस मेला एका दमात सगळे निवृत्त. आईचीही तारीख तशीच, कान धरून काढलेली.

आईनं मात्र फोनवरच भावाला धुडकावून लावलं. "उसन्या तारखेला मी पाटावर बसणार न्हाय. मास्तरनं दिलेली तारीख मास्तरला लखलाभ." भाऊ म्हणाला, आई, काय फरक पडतो? आईनं फोन माझ्या हातात कोंबला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

फरक काय पडतो, ते तिनं मला भोगीच्या त्या सकाळी सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"माझ्या दोन्ही भावांची तारीख घरात हुती. टिपण हुतं, भटजींकडनं करून आनल्यालं. थोरल्याची येळबी लिवल्याली. माझं इचारलं की आई म्हनायची, पुनवेची हायस, तिनीसांजची. कंची पुनव? तर आठवत न्हाय. सख्ख्या आईला आठवत न्हाय! पोरीची तारीख कोन ध्येनात ठेवतंय? पर तिनं तरी ठेवायला पायजे हुती गं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळंच मला जास्त लागलं. ऐंशी वर्षं हे बाईनं पोटात ठेवलं होतं आणि वर आम्हा सगळ्यांना हसवत राहिली होती.

"भावांना सनासुदीला ओवाळायचं," ती पुढं म्हणाली, "अन् मला काय? दिव्याच्या अवसेला दिवा हातात धरून हुबं करायचं. हात भाजला तरी हलायचं न्हाय. तेवढंच मानाचं काम माझ्या वाट्याला."

ती दिवा धरायची रीत मला चांगली ठाऊक होती. आषाढातल्या अमावास्येला सगळीकडं घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. आमच्या घरी मात्र एक दिवा पाटावर नाही, पोरीच्या हातात. आई तबक घेऊन पाटावरच्या दिव्यांना ओवाळायची, मग माझ्यासमोर येऊन माझ्या हातातल्या दिव्याला. मी लहानपणापासून भाजून घेतलंय. शाळेत मैत्रिणींना विचारलं तर कुणाच्याच घरी असलं काही नव्हतं. आईला म्हटलं तर आई म्हणायची, "आमच्यात हाय. माझी आई करायची."

तर मी आईचं वय मोजायला बसले. शाळेचा दाखला म्हणत होता एक, आणि आईच्या आठवणी म्हणत होत्या वर्षभर आधीचं, कारण तिच्या बरोबरीच्या म्हणून गावात ज्या होत्या त्या सगळ्या कागदावर तिच्यापेक्षा मोठ्या. विश्वाचंही असंच झालंय. ते किती वेगानं पसरतंय हे मोजायच्या दोन वाटा आहेत, एक जवळच्या ताऱ्यांवरून आणि एक अगदी जुन्या उजेडावरून. दोन्हीकडची माणसं हुशार, गणित चोख, तरी उत्तरं जुळत नाहीत. मला त्या शास्त्रज्ञांचा जीव का कासावीस होत असेल ते पहिल्यांदा कळलं.

मी वही काढली आणि आईला म्हटलं, तुझ्या जन्माबद्दल आजीनं जे जे सांगितलंय ते सगळं सांग, फालतू वाटलं तरी सांग. फार काही निघालं नाही. जन्म गावातच, बार्शीकडं. दिवस पावसाळी. तिन्हीसांज, कारण आजी नेहमी म्हणायची, तू झालीस अन् कोंबड्या खुराड्यात गेल्या. आणि सुईण लई आळशी.

"आळशी म्हणजे?"

"मी झाले तरी बया इळा मांडीवर घिऊन बसून ऱ्हायली. नाळ कापंना. आई वरडतीया, माझा बाप भाईर वरडतोय, पर ही आपली बसलीया. दुपारची भाकरीबी कुनी केली न्हवती त्या दिवशी, समदी उपाशी. लई वेळानं कापली मग. आई सांगायची अन् हसायची."

मी लिहून घेतलं. मलाही हसू आलं. वही मिटली आणि पंधरा दिवस तशीच पडून राहिली. शास्त्र शिकवणारीची ही अक्कल!

डोक्यात उजेड पडला तो गच्चीवर मिरच्या वाळत घालताना. ढग आला, ऊन गेलं, आणि खालच्या बिऱ्हाडाची कोंबडी उगाचच ओरडली. मला आमच्या शाळेचं मैदान आठवलं. एकदा शाळेच्या वेळात सूर्यग्रहण होतं, मी पुठ्ठ्याला भोक पाडून पोरांना सूर्याची कोर दाखवत होते. उजेड पिवळा पिवळा झाला आणि शिपाईमामांच्या कोंबड्या रांगेनं त्यांच्या खोपटात निघाल्या. पोरं खिदळली होती.

मी मिरच्या टाकून खाली पळाले. वही उघडली. कोंबड्या खुराड्यात गेल्या, पण दुपारची भाकरी अजून व्हायची होती. मग ती तिन्हीसांज कसली? भर दिवसा अंधारलं होतं. ग्रहण लागलं की चूल पेटवत नाहीत. ग्रहणात काही कापत नाहीत. सुईण बिचारी आळशी नव्हती, ती ग्रहण सुटायची वाट बघत बसली होती!

पुढचं सोपं होतं. ग्रहणं मागची असोत की पुढची, मिनिटापर्यंत मोजता येतात, कोष्टकं इंटरनेटवर कुणालाही मिळतात. आईच्या जन्माच्या आसपासची चार वर्षं घेतली. आपल्या भागावरून गेलेलं, पावसाळ्यातलं, दुपारच्या जेवणाआधीचं मोठं सूर्यग्रहण त्यात एकच निघालं. दाखल्याच्या वर्षाच्या आदल्या वर्षी. तारीख मिळाली, वेळही मिळाली. मी टाळी वाजवली आणि आईला हाक मारायला तोंड उघडलं.

आणि मिटलं. सूर्यग्रहण पौर्णिमेला होत नाही. सूर्यग्रहण अमावास्येला होतं.

अवसेची पोर. तीही ग्रहणात झालेली. आजही आमची आई अवसेला नवी केरसुणी घरात आणू देत नाही, आणि मी तिला सांगायचं, की बाई, तू पुनवेची नाहीस? त्या काळी असल्या पोरीकडं लोक कसं बघत असतील ते सांगायला कुणी लागत नाही. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, गप्प बस. एक जूनच करू. म्हातारपणी तिच्या डोक्याला ताप कशाला?" मी त्याच्यावर भडकले, मग फोन ठेवून स्वतःवर भडकले, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं.

चार दिवस मी घरात चोरासारखी वावरले. आई कशी सोडेल! पाचव्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "मास्तरीनबाई, घावलं वाटतं कायतरी. भाजीत दोनदा मीठ घालायलीस."

मी सांगून टाकलं. कोंबड्यांपासून सगळं. शेवटी म्हटलं, "आई, तू पुनवेची नाहीस. अवसेची आहेस. आजी खोटं बोलली." बोलले आणि जीभ चावली.

आईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी आईची करपलेली भाकरी त्याआधी कधी बघितली नव्हती. तिनं तिकडं बघितलंही नाही.

"कंची अवस?"

"आषाढातली. दिव्याची."

मी गॅस बंद केला. तिनं पिठाचे हात समोर धरले, ओंजळीत काही असल्यासारखे, आणि त्यांच्याकडं बघत राहिली.

"म्हंजी ती दिव्याला न्हवती ओवाळत," आई म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि मी तिच्याशेजारी जाऊन बसले. पाटावर एवढे दिवे असताना एक दिवा पोरीच्या हातात का? तबक घेऊन आजी पोरीसमोर का यायची? अवसेच्या पोरीचा वाढदिवस करता येत नव्हता. केला असता तर गावाला दर वर्षी ती अवस आठवली असती, उद्या सोयरीक आली असती तर तिथंही कळलं असतं. म्हणून आजीनं पोरीच्या हातात दिवा दिला आणि सगळ्यांदेखत, दर वर्षी, दिव्याच्या नावानं पोरीला ओवाळलं. पुनव सांगितली ती जगाला सांगायला. तिला आठवत नव्हतं असं नव्हतंच. तिला दिवस ठाऊक होता, वेळ ठाऊक होती, कोंबड्या कधी आत गेल्या तेही ठाऊक होतं.

"इसरली न्हवती गं," आई म्हणाली. "एकबी वरीस इसरली न्हवती."

आणि मग रडता रडता हसायलाच लागली. "अन् मी येडी! मला वाटलं रीत हाय. तुला उगंच भाजवलं!"

"पन्नास वर्षं!" मी म्हटलं. "माझा वाढदिवस डिसेंबरात, आणि मी आषाढात दिवा धरून उभी!" आम्ही दोघी त्या करपलेल्या भाकरीशेजारी बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

एक जून आला आणि गेला. भावाला मी कळवलं होतं, की खऱ्या तारखेनं मोजलं तर आईचे हजार चंद्र कधीच होऊन गेले, आता वरचे चाललेत, तेव्हा घाई करू नको, आषाढात ये. तो आला, सगळ्यांना घेऊन आला. जर्मनीची नातही आली. तारीख आणि साल मात्र मी इथं लिहिणार नाही. आईनं बजावलंय, "माझी हाय ती. लई दिसांनी घावलीया."

अवसेला सकाळीच मी समया, निरांजनं, कंदील, सगळं घासून पाटावर मांडलं. गुळाचे कणकेचे दिवे उकडले. आई नव्या लुगड्यात आली आणि सवयीनं एक निरांजन उचलून माझ्या हातात द्यायला लागली. मी ते तिच्याच हातात ठेवलं.

ती दिवा धरून उभी राहिली. सहा वर्षांची पोर उभी राहावी तशी, कोपर अंगाला चिकटवून, हलायचं नाही म्हणून श्वास धरून. मी तबक घेतलं. पाटावरच्या दिव्यांना ओवाळलं आणि तिच्यासमोर आले.

"थांब," आई म्हणाली. "ह्यो दिवा खाली ठिवू का आता?"

"ठेव की."

तिनं दिवा पाटावर इतर दिव्यांत ठेवला, रिकामे हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. "हां," ती म्हणाली, "आता ओवाळ."